पैंजणांची चांदी लाटताना तडकते, तेव्हा दोष कुठे शोधायचा

जुनी चांदी वितळवून नवा दागिना करणाऱ्या प्रत्येकाला हे भोगावं लागतं. लगड दिसायला छान ओतली जाते. थंड केली, घासली, पत्रा लाटायच्या रोलमध्ये घातली. पहिली फेरी सरळ जाते. दुसरीला बारीक 'टिक' असा आवाज येतो आणि तिसरीला पट्टीच्या दोन्ही कडा करवतीच्या पात्यासारख्या दातेरी होऊन बाहेर येतात. मग आपण त्या कडा कापतो, सगळं परत मुशीत टाकतो, टाकणखार (बोरॅक्स) चिमूटभर जास्त घालतो आणि देवाचं नाव घेऊन पुन्हा ओततो. पुन्हा तडकते.

मी गेल्या आषाढात हा उद्योग तीन वेळा केला. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझा अर्धा गाळा आहे. उरलेल्या अर्ध्यात एक जण स्क्रीन प्रिंटिंग करतो आणि माझ्या हातोडीच्या नावाने खडे फोडतो. नौपाड्यातल्या एका काकूंनी त्यांच्या सासूबाईंचे पैंजण आणून दिले होते, जोडीचं वजन १८६ ग्रॅम. "दोघी नातींना एकेक कडं कर. आणि ह्याच चांदीचं हं, बदलून नको," असं बजावून गेल्या. त्या 'ह्याच'ने पुढे माझा घाम काढला. नाहीतर ९२५ची (९२.५ टक्के चांदीची) तयार पट्टी बाजारातून आणून दोन दिवसांत मोकळी झाले असते.

तिसऱ्यांदा तडकल्यावर तुकडे रुमालात बांधले आणि जांभळी नाक्याच्या मागच्या गल्लीत गलाईवाल्या काकांकडे गेले. ते विट्याकडचे. विटा, खानापूर, आटपाडी या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत, हे या कामातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. काकांनी एक तुकडा दोन चिमट्यांत धरला आणि वाकवायला गेले, तर तो खारी बिस्किटासारखा मोडला. मोडलेली बाजू माझ्यापुढे धरून म्हणाले, "ताई, रोलमध्ये काय बघत बसलाय? हितं बघा. हिच्यात शिसं हाय."

तेव्हापासून चांदी तडकली की मी मशीनकडे बघत नाही, आधी तुकडा मोडते.

मोडलेली बाजू काय सांगते

दहापटीचं भिंग लागतं, बाकी काही नाही. निरोगी चांदी सहजासहजी मोडतच नाही. चार-सहा वेळा इकडेतिकडे वाकवावी लागते, आणि मोडली तरी आतून मऊ, करडी, बारीक पोताची दिसते. शिसं किंवा कथील गेलेली चांदी एकाच वाकवणीत मोडते आणि आत रव्याचे दाणे चिकटवल्यासारखी चमकते. दाणा न् दाणा सुटा दिसतो. आत गोल बारीक भोकं असली, भाकरीच्या पापुद्र्याखाली असतात तशी, तर वायू किंवा ओल अडकली आहे. काळसर काचेची रेघ दिसली तर ओतताना टाकणखार सोबत घसरला. आणि पोत बारीकच आहे, भोकं नाहीत, पण पाच-सहा फेऱ्यांनंतर तडा गेला, तर चांदीचा दोष नाही, तुम्ही वेळेवर ताव दिला नाही, म्हणजे तापवून मऊ केली नाही.

या शेवटच्या प्रकारात फार अडकायला नको. जाडी निम्म्यावर आली की ताव द्यायचा, म्हणजे सहा मिलिमीटरची लगड तीनवर आली की थांबायचं. ९२५ चांदी साधारण ६०० ते ६५० अंशांना मऊ होते आणि तेव्हा तिचा रंग जेमतेम मंद लाल असतो. ट्यूबलाइटखाली हा लाल दिसतच नाही, म्हणून आपण जास्त तापवत बसतो. दिवा बंद करा, किंवा पट्टीवर काळ्या पर्मनंट मार्करने रेघ ओढा. रेघ उडाली की ज्योत काढा. लाली गेली की पाण्यात. आणखी एक: ओतलेल्या लगडीच्या कडेला जी पातळ झालर येते, ती रोलला लावण्याआधी कानशीने काढून टाका. फाटणं तिथूनच सुरू होतं.

आता शिशाकडे येऊ, कारण माझ्या मते जुन्या दागिन्यांच्या चांदीत तडे जाण्याचं मोठं कारण तेच आहे आणि त्यावर सगळ्यात चुकीचे उपाय केले जातात.

परत वितळवून का भागत नाही

शुद्ध चांदी ९६२ अंशांना वितळते. शिसं ३२७ला, कथील २३२ला. मुशीत सगळं एकजीव झालेलं दिसतं, पण साच्यात ओतल्यावर चांदीचे दाणे आधी घट्ट होतात आणि शिसं त्यांच्यामधल्या फटींत ढकललं जातं. ते सगळ्यात शेवटी गोठतं. म्हणजे भिंतीचे दगड उत्तम, पण मध्ये चुन्याऐवजी चिखल. रोलचा दाब आला की दगड सरकतात. ताव दिला तर आणखी वाईट, कारण ६०० अंशांना तो चिखल पुन्हा पातळ होतो. पट्टी नुसती तापवताना, हातही न लावता तडकली, तर शिशाचा संशय पक्का समजा.

लोक म्हणतात जास्त तापव, उडून जाईल. शिसं १७४९ अंशांना उकळतं. आपल्या गॅसच्या ज्योतीवर ते कुठेही जात नाही. मी तीनदा वितळवलं तेव्हा काय केलं, तर एका कोपऱ्यात असलेलं शिसं, घुंगरं आणि फासे काढून उरलेल्या १७१ ग्रॅमभर नीट कालवलं. शंभर ग्रॅम चांदीची वाट लावायला गव्हाच्या दाण्याएवढं शिसं पुरतं. सोनं तर याहून नाजूक.

हे शिसं पैंजणात आलं कुठून? घडवणाऱ्याने घातलेलं नसतं. घुंगरू निखळतं, फासा तुटतो, आणि लग्न उद्यावर आलेलं असतं. मग नाक्यावरचा कोणीतरी रेडिओ दुरुस्तीच्या डाखेने (सोल्डरने) ते चिकटवून देतो. ती डाख म्हणजे शिसं आणि कथील. पैंजण पन्नास वर्षं वापरले असतील तर अशा दुरुस्त्या सात-आठ सहज निघतात. काकूंच्या जोडीत मला नंतर, म्हणजे तुकडे हातात आल्यावर, फोटो मोठा करून बघताना पाच मोजता आल्या. पाचही ठिकाणी आंब्याच्या आकाराच्या कडीशेजारी मळकट, न चमकणारा ठिपका. वितळवण्याआधी हा फोटो मी ग्राहकाच्या नोंदीसाठी काढला होता, बघितला मात्र नव्हता.

वितळवण्याआधीचा अर्धा तास

आता पैंजण आले की उन्हात किंवा पांढऱ्या दिव्याखाली कडीन्‌कडी बघते. संशय आला तिथे चाकूचं टोक ओढायचं. चांदीची डाख कडक लागते. शिशाची लोण्यासारखी खरवडली जाते. खात्री नसेल तर जाळीवर ठेवून अगदी मऊ ज्योत फिरवा. शिसं-कथलाची डाख १८३ अंशांपासूनच पाझरू लागते, चांदीला अजून रंगही आलेला नसतो. थेंब पडला की कळलं. पण थेंब पडला म्हणजे जागा साफ झाली असं नाही. शिसं आजूबाजूच्या चांदीत मुरलेलं असतं, म्हणून दोन्ही बाजूंची तीन-चार मिलिमीटर चांदी कात्रीने कापून वेगळ्या डबीत. तीन ग्रॅम कापायला जीवावर येतं, मान्य आहे.

घुंगरं फोडून आतल्या गोळ्या काढा, त्या लोखंडाच्या, पितळेच्या, काचेच्या, कशाच्याही असतात. फाशाचा स्क्रू बहुधा स्टीलचा असतो, चुंबक फिरवा. लोखंड चांदीत विरघळत नाही, तसंच खड्यासारखं राहतं आणि पत्र्यावर ओरखडा उठवतं. ठुशीच्या किंवा वाकीच्या पोकळ मण्यांत लाख असते, ती आधी गरम करून काढावी, नाहीतर मुशीत नुसता धूर आणि कोळसा. मीना असेल तर तोही उडवायचा, जुन्या मिन्याच्या काचेत शिसं असू शकतं.

डब्यात कधी कधी राणी छाप रुपयेही येतात. ते वितळवू नका. त्यांना नाण्यांचे शौकीन जास्त किंमत देतात आणि मला तर ते मोडवतही नाहीत. शिवाय सगळे बंदे रुपये सारखे नसतात. जुना ११.६६ ग्रॅमचा रुपया ९१.७ टक्के चांदीचा, पण १९४० ते १९४५चा निम्माच चांदीचा, बाकी ४० टक्के तांबं, पाच टक्के निकेल, पाच टक्के जस्त. आणि १९४७चा तर निव्वळ निकेलचा, त्यात चांदीचा कणही नाही. चुंबकाला चिकटतो.

चांदीच्या जुन्या डाखेत जस्त आणि कॅडमियमही असू शकतं. तापवताना पांढरा कापसासारखा धूर आला तर जस्त, पिवळट-तपकिरी आला तर कॅडमियम. दुसरा घातक आहे. श्वास रोखून काम संपवण्याचा पराक्रम करू नका, ज्योत बंद करा आणि बाहेर या. गाळ्यात धूर ओढणारा पंखा नसेल तर जुने दागिने वितळवण्याचं काम घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एवढं करूनही सगळा ऐवज एकदम ओतायचा नाही. दोन-तीन ग्रॅमचा मणी वेगळा वितळवा, थंड करा आणि ऐरणीवर ठोकून चपटा करा. जाडी अर्ध्यावर येईपर्यंत कड गोल राहिली तर पुढे जा. सूर्यफुलासारख्या पाकळ्या फुटल्या तर थांबा. या परीक्षेला दहा मिनिटं लागतात, आणि तीन वेळा लगड ओतायला मला तीन दिवस लागले होते.

टंच (चांदीची शुद्धता) काढायला जाल तेव्हा हाच ठोकलेला मणी न्या, अख्खा दागिना नको. मशीन फक्त वरचा पापुद्रा वाचतं. मुलामा असला की आकडा फुगतो. आणि नुसता चांदीचा टक्का ऐकून उठू नका. पूर्ण यादी दाखवा म्हणावं: तांबं, जस्त, कॅडमियम, निकेल, शिसं.

शिसं गेलंच असेल तर

मग एकच रस्ता, गलाई. काकांनी माझ्यासमोर केलं ते असं. तुकडे शोऱ्याच्या तेजाबात (नायट्रिक ॲसिडमध्ये) विरघळवले. कथील पांढऱ्या पुडीसारखं तळाशी बसतं, ते गाळून निघतं. चांदी, तांबं, शिसं पाण्यात उतरतं. मग त्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या. तांबं विरघळत जातं आणि त्याच्या जागी चांदी करड्या गाळासारखी पट्टीवर धरते. शिसं मात्र तसंच पाण्यात राहतं, तांब्याला त्याला बाहेर ढकलता येत नाही. गाळ धुतला, वाळवला, वितळवला की शुद्ध चांदी. रसायनशास्त्र दहावीचंच, पण घोडबंदर रोडच्या फ्लॅटच्या गॅलरीत हा प्रयोग करू नका. त्यातून निघणारा लालसर-तपकिरी वायू फुप्फुसं जाळतो, आणि त्रास कधी कधी काही तासांनी उमटतो, म्हणून तेव्हा माणूस गाफील असतो.

'ह्याच चांदीचं' हा प्रश्न इथे येतो. गलाईवाले सहसा दहा गिऱ्हाइकांची चांदी एकत्र गाळतात आणि वजनाप्रमाणे शुद्ध चांदी परत देतात. व्यवहार चोख, पण ती सासूबाईंची चांदी उरत नाही. वेगळं भांडं लावायला सांगावं लागतं, त्याचे जास्तीचे पैसे पडतात, आणि कमी मालाला प्रत्येक जण तयार होत नाही. मी काकूंना फोन करून दोन्ही पर्याय सांगितले. त्यांनी वेगळं भांडं निवडलं. मी दुपारभर स्टुलावर बसून राहिले.

१७१ ग्रॅम गेली होती, टंच निघाला ७१ टक्के, हातात आली १२० ग्रॅम शुद्ध. ९२५ करायला शंभर ग्रॅमला ८.१ ग्रॅम तांबं लागतं, म्हणजे मला ९.७३. तांबं विजेच्या तारेचं चालतं, फक्त तार आतून लाल आहे ना बघा. चंदेरी दिसणाऱ्या तारेवर कथील चढवलेलं असतं. एवढा खटाटोप करून तेच परत आत घालाल.

पावसाळ्याचा वेगळा उपद्रव

भोकं आणि फोड यांचा त्रास ठाण्यात जून ते सप्टेंबर जास्त. साध्या टाकणखारात वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असतं, म्हणून तर तो तापल्यावर पोह्याच्या पापडासारखा फुगतो. नवी मूस आधी टाकणखाराने आतून काच चढवून घ्यावी आणि ओतताना वरून अगदी थोडा घालावा. साचा इतका गरम हवा की पाण्याचा थेंब चर्र करून उडेल. ओल्या साच्यात वितळलेली चांदी ओतली तर ती नुसती खराब होत नाही, तोंडावर उडते.

दुसरं, वितळलेली चांदी हवेतला प्राणवायू पिते, स्वतःच्या आकारमानाच्या वीसेक पट, आणि गोठताना तो सगळा ओकते. म्हणून पाऱ्यासारखी हलायला लागली की लगेच ओता, उगाच खेळवत ठेवू नका. वर कोरड्या कोळशाचे दोन तुकडे टाका, ज्योत मऊ ठेवा, फुत्कारणारी निळी नको. कोळसा मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते. प्लास्टिकच्या पिशवीतला जुलैत ओला होतोच.

आणि तरीही तडकली

पहिलं कडं सुरेख झालं. दुसऱ्याला तेवढ्याच वजनाची पट्टी कमी पडली, म्हणून पहिल्याचे तुकडे आणि कानशीने पडलेला कीस त्यात मिळवून ओतलं. तिसऱ्या फेरीला 'टिक'.

मी फोनवर काकांवर जवळजवळ ओरडलेच. ते शांतपणे म्हणाले, "कीस कुठला घातला?" माझाच, माझ्या पाटाखालच्या कातड्यातला. "पाटावर काय काय करता?"

पाटावर शिशाची लादी होती. वाट्या, म्हणजे पत्र्याचे पोकळ अर्धगोल, ठोकायला मी तीच वापरत होते, सात-आठ वर्षं. पहिल्या कड्याच्या टोकांना दोन वाट्या बसवल्या होत्या, त्या तिच्यावरच ठोकलेल्या. भिंग लावून वाटीची पाठ बघितली, तर पेन्सिलने घासल्यासारखी करडी झाक. तीच कानस शिशावर, तीच चांदीवर. शिसं माझ्या हाताने, माझ्या गाळ्यात, रोज चांदीत जात होतं. वाट्या झाळल्यावर कधी कधी मागे बारीक खड्डे पडायचे, त्याचा दोष मी इतकी वर्षं तेजाबाला देत आले होते.

लादी आता गाळ्यात नाही. वाट्या चिंचेच्या लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकते. खोल वाटीला दोन ताव जास्त लागतात, इतकंच. ज्यांना शिसंच हवं आहे त्यांनी मध्ये जाड कागद किंवा कातडं घालावं आणि तापवण्याआधी पाठ पॉलिश पेपरने घासावी. शिशाची कानस वेगळी, तिच्या मुठीला लाल चिकटपट्टी. कीस मी मुशीत घालतच नाही. स्वच्छ कापलेले तुकडे एका डबीत, कीस दुसरीत. दुसरी भरली की गलाईला. गाळ्याची झाडलोट झारेकऱ्याकडे, म्हणजे धुळीतून सोनं-चांदी वेचणाऱ्याकडे, जाते, तसाच कीसही त्याच वाटेचा माल समजा.

दुसऱ्या कड्याची पट्टी परत काकांच्या भांड्यात गेली. आणखी एक दुपार स्टुलावर.

कडी द्यायला नौपाड्यात गेले तेव्हा बरोबर हिशोबाची चिठ्ठी नेली: आलेलं वजन, काढलेली घुंगरं आणि फासे, गलाईला गेलेलं, टंच, हातात आलेलं, घातलेलं तांबं, उरलेली चांदी पुडीत. काकूंनी कडी बाजूला ठेवून आधी चिठ्ठीच वाचली, चष्मा कपाळावर घेऊन, दोनदा.

"एकाहत्तर टक्के?" त्या म्हणाल्या. "आणि सासूबाई जन्मभर सांगत होत्या, माहेरची अस्सल आहे म्हणून."